ठाण्यात जायच्या आधी हे वाचून घ्या: पैसे गेले, प्लॉटमध्ये फसवलं किंवा घरात मारहाण होत असेल तर नागपुरात काय करायचं

माझं झेरॉक्स अन टायपिंगचं छोटं दुकान आहे, सिव्हिल लाईन्सला जिल्हा कोर्टाच्या जवळ. १४ वर्ष झाली. भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, नाव बदलाचं गॅझेट सगळं करते, पण मागच्या काही वर्षात सगळ्यात जास्त काय टाईप केलं असेल तर "प्रति, मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक साहेब". माणूस येतो, कधी घामाघूम, कधी रडून डोळे सुजलेले, आणि म्हणतो ताई एक तक्रार लिहून द्या ना. मी विचारते कधी झालं, तर म्हणतो मागच्या मंगळवारी. मागच्या मंगळवारी! आणि तू आज येऊन राहिला बापा?

म्हणून हे लिहून राहिली. मी वकील नाही, पोलीस तर नाहीच. पण कोणता अर्ज ठाण्यात गेल्यावर हलतो आणि कोणता टेबलावर दुसऱ्या अर्जांच्या खाली जाऊन बसतो हे बघून बघून कळतं. लोकं ठाणेदाराशी ओळख शोधत बसतात, नगरसेवकाला फोन लावतात, आणि त्यात जो वेळ जातो तो परत येत नाही. ऑनलाईन पैसे गेले तर मिनिटं मोजायची असतात, प्लॉटमध्ये फसवलं तर कागद मोजायचे असतात, आणि घरात मार खाणाऱ्या बाईच्या बाबतीत नोंद किती जुनी आहे ते बघितलं जातं. हे तिन्ही एकाच अर्जासारखे लिहिले की गडबड होते.

पैसे ऑनलाईन गेले असतील तर

आधी १९३०. ठाणं नाही, बँक नाही, पुण्यातला इंजिनिअर भाचा नाही, माझं दुकान तर नाहीच नाही. हातातल्या फोनवरून १९३० लावायचं. फोन हॅक झाल्यासारखा वाटत असेल तर शेजाऱ्याच्या फोनवरून लावा.

काहून एवढी घाई, तर ऐका. तुमच्या खात्यातून निघालेला पैसा सरळ चोराच्या घरी जात नाही. तो आधी एका भाड्याच्या खात्यात जातो, म्हणजे कोण्यातरी पोट्ट्यानं चार-पाच हजारासाठी आपलं पासबुक, एटीएम अन सिमकार्ड दुसऱ्याला देऊन टाकलेलं असतं, पोलीस त्याला म्युल अकाऊंट म्हणतात, तिथून काही मिनिटात पुढच्या तीन-चार खात्यात, तिथून अजून पुढं, अन शेवटी कुठंतरी एटीएममधून कॅश निघते नाहीतर क्रिप्टो घेतलं जातं. १९३० वर तुम्ही माहिती दिली की तिथून ती सिस्टीममध्ये टाकली जाते आणि ज्या बँकेत पैसा गेला तिच्यापर्यंत पोचते, पैसा अजून तिथंच पडला असेल तर तेवढ्या रकमेवर होल्ड लागतो, पुढं सरकला असेल तर पुढच्या बँकेला निरोप जातो. म्हणजे पैशाच्या मागं पैशाच्याच वेगानं पळायचं काम आहे हे. केंद्राच्या गृह मंत्रालयानं २०२१ मध्ये ही सोय सुरू केली, तेव्हा नंबर १५५२६० होता, अजूनही कोण्या जुन्या पोस्टरवर तो दिसतो, आता १९३० च.

आमच्याच घरची गोष्ट सांगते. सासऱ्यांना मेसेज आला की आज रात्री लाईट कटणार, बिल अपडेट नाही, या नंबरवर बोला. बोलले. त्यानं एक ॲप टाकायला लावलं आणि ६२ हजार गेले. शनिवार होता, दुसरा शनिवार. सासरे आधी आपल्या बँकेच्या शाखेत गेले, शटर बंद, वॉचमन म्हणाला सोमवारी या. मग घरी येऊन दोन तास कोणालाच सांगितलं नाही, लाजेपायी. मला कळलं तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मी लगेच १९३० लावला, तीनदा एंगेज, चौथ्यांदा लागला. ६२ पैकी ११ हजार कुठल्यातरी खात्यात अडकलेले सापडले, बाकी गेले ते गेले. त्या ११ साठीसुद्धा पुढं कोर्टातून आदेश घ्यावा लागला. तेव्हापासून घरात फ्रीजवर १९३० लिहून ठेवलं आहे, दुधाच्या हिशोबाच्या बाजूला.

लाईन लागतच नसेल तर थांबू नका, सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर सरळ तक्रार टाका, तिथं फायनान्शियल फ्रॉड असा वेगळा भाग आहे. आणि पोर्टल उघडताना गुगलमध्ये शोधून पहिली लिंक दाबू नका, पत्ता स्वतः टाईप करा. कस्टमर केअरचे नंबर जसे खोटे असतात तशी तक्रारीची पानं पण खोटी निघतात.

फोन लावताना हातात काय पाहिजे: कोणत्या बँकेतून गेले, खाते नंबर, किती, किती वाजता, आणि ट्रान्झॅक्शनचा नंबर. यूपीआय असेल तर १२ आकडी यूटीआर असतो, ॲपमध्ये त्या व्यवहारावर दाबलं की दिसतो. पाच वेळा पैसे गेले असतील तर पाचही वेगळे सांगायचे, "एकूण अडीच लाख" म्हणून भागत नाही, कारण बँक एकेक व्यवहार शोधते. फोननंतर मेसेजवर एक नंबर येतो. तो जपा. त्या नंबरवरून २४ तासात पोर्टलवर पूर्ण तक्रार भरायची असते आणि इथंच अर्धे लोक सोडून देतात, त्यांना वाटतं फोन केला म्हणजे झालं. नाही झालं. फोननं फक्त पैशाच्या मागं माणूस लावला.

हे करता करता बँकेच्या चोवीस तास नंबरवर कार्ड अन नेट बँकिंग बंद करायला सांगा आणि तक्रारीचा नंबर घ्या. तुमची काही चूक नसताना, म्हणजे ओटीपी पिन काही दिलं नसताना पैसे गेले असतील, तर रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक आहे: मेसेज आल्यापासून ३ कामाच्या दिवसात कळवलं तर नुकसान ग्राहकाचं नाही, ४ ते ७ दिवसात कळवलं तर ठरलेल्या मर्यादेपुरतंच. ओटीपी आपणच सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्या डोक्यावर, म्हणूनही लवकर कळवायचं. बँकेनं ३० दिवसात दाद दिली नाही किंवा उडवाउडवी केली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाईन जाता येतं, त्याला फी नाही, चौकशीसाठी १४४४८ नंबर आहे.

एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल, उघडली असेल (आरटीओ चालान, लग्नाची पत्रिका, योजनेची यादी, कोणत्याही नावानं येते ती) तर नेट बंद करा, फोन फ्लाईट मोडवर टाका, बाकी सगळं दुसऱ्या फोनवरून. पण फोन फॉरमॅट मारू नका! मोबाईलच्या दुकानातला पोरगा आधी तेच करतो, सगळं साफ करून देतो काकू म्हणतो, आणि त्यात पुरावा पण साफ होतो.

आता ते डिजिटल अरेस्ट. आमच्याकडं रिटायर्ड मास्तर, रेल्वेतून रिटायर झालेले, असेच लोक जास्त येतात या भानगडीत, शिकलेले, पै पै जमवलेले. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस, मागं मोठा फोटो, तुमच्या आधारवर पार्सल सापडलं, घराबाहेर निघायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही. राजेहो, डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यातच नाही. उलट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७९ मध्ये असं आहे की ६० वर्षांवरच्या पुरुषाला आणि कोणत्याही बाईला नुसत्या साक्षीच्या जबाबासाठी ठाण्यात या म्हणून सक्ती करता येत नाही, पोलिसांनीच घरी जायचं. तो कॉल आला तर कट करा आणि ११२ लावा. घरातल्या म्हाताऱ्यांना हे तेव्हा नाही, आत्ता सांगा, कारण तेव्हा ते कोणाचंच ऐकत नाहीत, खोलीची कडी लावून बसलेले असतात.

अश्लील व्हिडिओची धमकी देऊन पैसे मागत असतील तर एक रुपया देऊ नका, दिला की पुन्हा मागतो. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉटमध्ये समोरच्याचा नंबर किंवा प्रोफाईलची लिंक दिसली पाहिजे, मग ब्लॉक. बाईमाणसाच्या फोटोची भानगड असेल तर त्याच पोर्टलवर महिला व मुलांसाठी वेगळा भाग आहे, नाव न सांगताही टाकता येतं.

अर्ज कसा लिहायचा

हे माझं क्षेत्र, म्हणून जरा जास्त लिहिते. लोकं सांगतात अशी की "मी एक सामान्य गरीब माणूस असून माझ्यावर मोठा अन्याय झाला आहे", आणि एक पान तसंच भरतं. ड्युटीवरच्या हवालदाराला ते वाचायला वेळ नाही. पहिल्या चार ओळीत पैसा, वेळ अन नंबर आला पाहिजे. मी असं टाईप करते:

"मी अमुक, वय, राहणार, मोबाईल. दिनांक अमुक रोजी सकाळी ११.२० वाजता मला या नंबरवरून कॉल आला. त्यानं मी वीज कंपनीतून बोलतो असं सांगून मला एक ॲप घ्यायला लावलं. ११.३४ ला माझ्या या बँकेतल्या खात्यातून २५,००० रुपये गेले, यूटीआर अमुक. ११.३६ ला ३७,००० गेले, यूटीआर अमुक. मी १९३० वर इतके वाजता कळवलं, तक्रार नंबर अमुक. सोबत बँक स्टेटमेंट, स्क्रीनशॉट आणि कॉल लॉग जोडला आहे. कृपया गुन्हा नोंदवून घ्यावा."

बस. खाली सही. सायबरचे गुन्हे तपासायचा अधिकार पोलीस निरीक्षक आणि त्याच्या वरच्यांना आहे, म्हणून अर्ज ठाणेदाराच्या नावानंच करायचा. नागपूर शहराचं वेगळं सायबर पोलीस ठाणं आहे, पण रक्कम लहान असली की आपल्या एरियाच्या ठाण्यातच, हुडकेश्वर असो की गिट्टीखदान की लकडगंज, जा म्हणतात, त्यात काही कमीपणा नाही, तिथंही गुन्हा नोंदवता येतो. दोनदा चकरा मारण्यापेक्षा आधी फोन करून विचारून घ्या.

स्क्रीनशॉटचे प्रिंट काढताना लोक अर्धाच नंबर दिसेल असे कापून आणतात, पूर्ण आणा, वरची तारीख वेळ दिसली पाहिजे. मूळ फोन अन मूळ चॅट सांभाळून ठेवा. पुढं कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं एक सर्टिफिकेट लागतं, जुने वकील अजून त्याला ६५ बी च म्हणतात, तेच हे.

अजून एक. तक्रार केल्यावर महिनाभरानं एखादा फोन येतो, "तुमचे पैसे सापडले, सोडवायला जीएसटीचे ४ हजार भरा". तोही चोरच. पैसा होल्ड झाला असेल तर तो सहसा कोर्टाच्या आदेशानं मिळतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करून, तपास अधिकाऱ्याचा अहवाल जोडून. कोणी पोलीस फोनवर फी मागत नाही.

उलटं पण होतं. पानठेलेवाला, किराणावाला, ऑटोवाला, यांच्या क्यूआरवर कोणीतरी २०० रुपये टाकतो, तो पैसा कुठंतरी चोरीच्या साखळीतला निघतो आणि पूर्ण खातं बंद. तेव्हा बँकेला लेखी विचारा: कोणत्या राज्याच्या पोलिसांनी, कोणत्या तक्रार नंबरवर, किती रकमेसाठी थांबवलं. मग त्या तपास अधिकाऱ्याला मेलवर बिल, दुकानाचं लायसन, व्यवहार कशाचा होता ते पाठवा आणि फक्त वादातल्या रकमेवर होल्ड ठेवून बाकी खातं सुरू करा अशी मागणी करा. बँकेत जाऊन भांडून फायदा नाही, त्यांच्या हातात नसतं.

प्लॉट, नोकरी, दामदुप्पट

नागपुरात ले-आऊटची फसवणूक जुना रोग आहे. एकच प्लॉट तिघांना विकला, शेतजमीन अकृषक न करताच ले-आऊट पाडला, नाहीतर आममुख्त्यारपत्र रद्द झालेलं असताना त्यावरून विक्री केली. इथं १९३० चा उपयोग नाही, पैसे चेकनं अन कॅशनं दोन-तीन वर्षात गेलेले असतात. इथं ठाण्यात पहिलं वाक्य ऐकायला मिळतं ते "हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा". कधी ते खरं असतं. बिल्डरनं उशीर केला एवढंच असेल तर ते पोलिसांचं काम नाही, त्याला महारेरा (बिल्डरांवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण) किंवा ग्राहक आयोग. पण सुरुवातीपासूनच नियत खोटी होती हे कागदावर दाखवता आलं तर ती फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, आणि विश्वासानं दिलेलं खाल्लं तर कलम ३१६. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेलं असेल तर जुनं आयपीसी ४२०, ४०६ च लागतं, नवीन कायदा आला म्हणून जुनं माफ होत नाही.

मग खोटी नियत दाखवायची कशी? तारखांनी. मी गिऱ्हाईकाला एक तक्ता करायला लावते: कोणत्या तारखेला किती दिले, कसे दिले, पावती आहे का, त्यानं त्या दिवशी काय सांगितलं. आणि मग बाजूला: त्याच प्लॉटची विक्री दुसऱ्याला कधी नोंदली गेली. दुय्यम निबंधकाच्या रेकॉर्डमधून नाहीतर नोंदणी खात्याच्या साईटवरून इंडेक्स २, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, काढा, तलाठ्याकडून सातबारा अन फेरफार, ले-आऊट मंजूर आहे का ते नागपूर सुधार प्रन्यास किंवा एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांच्याकडं माहिती अधिकारात विचारा. एका काकाचं असंच झालं, मार्चमध्ये त्यांच्याकडून शेवटचा हप्ता घेतला आणि इंडेक्स २ मध्ये निघालं की त्याच्या आदल्या डिसेंबरात प्लॉट दुसऱ्याच्या नावानं झालेला होता. एवढी एक तारीख दाखवल्यावर दिवाणी हा शब्द पुन्हा कोणी काढला नाही.

फसलेले लोक जास्त असतील तर एकत्र या. भिशी, दामदुप्पट, महिन्याला इतके टक्के व्याज, अशा स्कीममध्ये पैसे अडकले असतील तर महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंबंधांचा कायदा आहे, सगळे एमपीआयडी म्हणतात, त्याखाली त्या माणसाची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे वाटता येतात. मोठ्या रकमेची प्रकरणं आर्थिक गुन्हे शाखेकडं जातात, अर्ज पोलीस आयुक्तांच्या नावानं सिव्हिल लाईन्सला आयुक्तालयात द्यायचा. तिथं आधी चौकशी होते, ती लांबते, महिनोन्महिने लांबते, खोटं काय सांगू. पण दहा जणांचा एक अर्ज एकट्याच्या अर्जापेक्षा वेगळा वाचला जातो.

नोकरी लावून देतो म्हणून पैसे दिलेले लोक तक्रारीला घाबरतात कारण आपणही लाच दिली असं त्यांना वाटतं. वकिलाला विचारून जा पण जा, तो माणूस तुमच्यानंतर अजून वीस पोट्ट्यांना गंडवत असतो.

घरात मारहाण होत असेल तर

ही बाई दुकानात एकटी येत नाही. बहिणीसोबत येते, नाहीतर धुण्याभांड्याला जाते त्या घरच्या मॅडमसोबत. आणि सांगायला सुरुवात करते ती मारापासून नाही, त्याच्या नोकरीपासून, त्याच्या दारूपासून, जणू त्याचीच बाजू मांडून राहिली. मी थांबवत नाही. पाणी देते, दुकानाचं शटर अर्धं ओढून घेते.

आत्ता मारहाण सुरू असेल तर ११२. १०० पण लागतो. गाडी येते, दोघांना समजावून निघून जाते, आणि बाईला वाटतं काही झालं नाही. झालं. कॉलची नोंद राहिली. चार महिन्यात चार कॉल असतील तर तो पुढं तुमचा पुरावा. महिलांसाठी १८१ पण आहे.

लागलं असेल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यात जा, आणि डॉक्टरला खरं सांगा. बाथरूममध्ये पाय घसरला असं सांगितलं की केसपेपरवर तेच येतं आणि पुढं ते खोडता येत नाही. नवऱ्यानं बेल्टनं मारलं तर तसंच सांगा, एमएलसी, म्हणजे पोलीस केससाठीची डॉक्टरी नोंद, करा म्हणा. ठाण्यात आधी गेलं नाही म्हणून दवाखाना उपचार नाकारू शकत नाही. वळांचे फोटो काढून बहिणीच्या फोनवर पाठवा, आपल्या फोनमध्ये ठेवू नका, तो तपासतो.

आता ठाण्यात काय होतं ते समजून घ्या. बाई म्हणते "नवऱ्यानं काल मारलं, शिव्या दिल्या, जीवे मारीन म्हणाला". एवढंच लिहिलं की ते साधी दुखापत, शिवीगाळ अन धमकीत बसतं, ते अदखलपात्र, म्हणून एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा कागद, देतात हातात अन घरी पाठवतात. एनसीवर पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत. पण काल मारलं ही पहिली वेळ नसते ना. लग्न कधी झालं, पहिल्यांदा कधी मारलं, माहेरून काय आणायला सांगितलं, कधी घराबाहेर काढलं, कधी उपाशी ठेवलं, हे वर्षानुवर्षाचं सगळं सांगितलं की तो छळ होतो, भारतीय न्याय संहिता कलम ८५, जुनं ४९८ अ, ३ वर्षापर्यंत शिक्षा, दखलपात्र. त्यासाठी घरून निघतानाच एका कागदावर घटना लिहून आणा. तारीख आठवत नसेल तर पोळा होता, पोराचा पहिला वाढदिवस होता, असं लिहा.

आणि खोटं एक अक्षर घालू नका. काही जण सासरच्या नऊ जणांची नावं टाका म्हणून सल्ला देतात, दूर राहणारी नणंद पण टाकतात. कोर्टात त्या एका नावामुळं खरी असलेली बाकी तक्रार पण पातळ होते. ज्यानं केलं त्याचंच नाव, त्यानं काय केलं त्याच्यासकट.

माहेरी परत आली असाल तर सासर पुण्यात की छिंदवाड्यात याचं टेन्शन नको, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं आहे की बाई आसऱ्याला आली तिथंही ४९८ अ ची तक्रार देता येते. तसंही कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर घ्यावाच लागतो, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही.

पण गुन्हा नोंदवला म्हणजे नवरा रात्रीतून आत जाईल ही आशा ठेवू नका. ७ वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही असं सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात आहे, आधी नोटीस जाते. मग बाई म्हणते, काय फायदा, तो तर घरीच आहे. म्हणून दुसरा रस्ता सोबतच धरायचा, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. त्यात शिक्षा पहिली नसते, संरक्षण पहिलं असतं. मॅजिस्ट्रेट त्याला मारू नको, तिच्या कामाच्या जागी जाऊ नको, तिला घरातून काढू नको, दर महिन्याला इतका खर्च दे, असे आदेश देऊ शकतात, निकालाच्या आधी अंतरिम पण. घर सासूच्या नावावर असलं तरी बाईला एकत्र राहात्या घरातून असंच हाकलता येत नाही. आदेश मोडला तर १ वर्षापर्यंत कैद, आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. हा कायदा फक्त बायकोसाठी नाही, पोरगा मारतो ती आई, भाऊ छळतो ती बहीण, लग्न न करता सोबत राहणारी, सगळ्यांना लागतो.

त्यासाठी भेटायचं संरक्षण अधिकाऱ्याला, महिला व बालविकास विभागाचे असतात, ते घटनेचा अहवाल तयार करून कोर्टात देतात. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडू नका, बाईला उत्पन्न कितीही असो विधी सेवा प्राधिकरणातून फुकट वकील मिळतो, १५१०० नंबर आहे, नाहीतर कोर्टाच्या आवारातच ऑफिस आहे.

भरोसा सेलबद्दल सगळे विचारतात. नागपूर पोलिसांनी २०१७ मध्ये सुरू केला, समुपदेशक, वकील, पोलीस एकाच ठिकाणी. दोघांना बोलावतात, बसवतात, ऐकतात. माझ्या पाहण्यात बरीच भांडणं तिथं मिटली, खासकरून मोबाईलवरून, पैशावरून, सासूवरून जी असतात ती. पण हात उचलला जात असेल, गळा दाबला असेल, तर आधी समझोता मग तक्रार असा काही नियम नाही, तक्रार देऊन मग समुपदेशनाला बसता येतं. कोणी म्हणालं की आधी तिकडं जाऊन या, तर "माझी तक्रार लिहून घ्या, मी तिकडं पण जाते" एवढंच शांतपणे म्हणायचं. समझोता झाला तर तो लेखी, तारखेसह, आणि त्याची एक प्रत तुमच्याकडं.

निघताना कागद घेऊन निघा: आधार, लग्नपत्रिका नाहीतर लग्नाचा फोटो, पोरांचे जन्मदाखले, पासबुक, दागिन्यांची बिलं. दागिने सासरी राहिले असतील तर यादी करा, लग्नातल्या फोटोत कोणता हार दिसतो तो गोल करून आणा, स्त्रीधन परत मागता येतं आणि न देणं हा वेगळा गुन्हा आहे.

तक्रार घेतच नसतील तर

आवाज चढवू नका, व्हिडिओ काढू नका, काम बिघडतं. अर्जाच्या दोन प्रती घेऊन जा, एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख, सही घ्या. तेही दिलं नाही तर पोस्टातून स्पीड पोस्टनं पोलीस उपायुक्तांना पाठवा, आपली हद्द कोणत्या परिमंडळात येते ते ठाण्याच्या बोर्डावर असतं. कायदा तेच सांगतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये आधी वरिष्ठांना लेखी, मग मॅजिस्ट्रेटकडं अर्ज. वरिष्ठांना न कळवता सरळ कोर्टात गेलं तर तिथं पहिला प्रश्न हाच येतो, म्हणून ती टपालाची पावती फेकू नका. लोकं पावती नेमकी फेकतात.

३ वर्ष किंवा जास्त पण ७ पेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीनं १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते, त्यामुळं पहिल्या दिवशी एफआयआर नाही झाला म्हणजे टाळलंच असं नाही. पंधराव्या दिवशी जा आणि विचारा.

आणि एफआयआर झाला तर सही करायच्या आधी वाचा. हाव, ठाण्यात गर्दी असते, रात्रीचे साडेअकरा वाजलेले, मागं दोन जण उभे, तरी वाचा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. रकमेत एक शून्य कमी, यूटीआरचा एक आकडा इकडचा तिकडं, आरोपीच्या नावात काका अन पुतण्याची अदलाबदल, हे सगळं मी बघितलं आहे. प्रत फुकट मिळते, तिथंच मागा, तपास अधिकाऱ्याचं नाव अन मोबाईल नंबर त्याच कागदाच्या मागं लिहून घ्या. ९० दिवसात तपास कुठं आला ते त्यांनी कळवायचं असतं. नाही कळवलं तर या, तो अर्ज पण माझ्याकडं तयार आहे, फक्त तुमचा गुन्हा नंबर टाकायचा बाकी आहे.